एडीएस१०१५ जाऊन एडीएस१११५ आली: ड्रायव्हरमध्ये जुनं नेमकं काय जपायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेटा लॉगरच्या बोर्डावर आतापर्यंत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एडीएस१०१५ ही १२ बिटांची एडीसी (व्होल्टेजचा आकडा करून देणारी चिप) होती. पुढच्या लॉटपासून त्याच फूटप्रिंटवर १६ बिटांची एडीएस१११५ बसणार. साखर कारखान्यांत लावलेले जुने बोर्ड तसेच राहणार, पण जुन्या-नव्या सगळ्यांना लिनक्सची एकच इमेज अपडेटने जाणार. सोबत कर्नल ४.१४ वरून ६.१२ वर आणि ३२ बिटांवरून ६४ बिटांवर न्यायचा आहे. मोजमापाचं अ‍ॅप दुसऱ्याने लिहिलेलं असून त्याचा सोर्स हातात नाही. ते अ‍ॅप घरच्या, म्हणजे कंपनीतच लिहिलेल्या, कॅरेक्टर ड्रायव्हरला आयऑक्टल (डिव्हाइस फाइलमधून ड्रायव्हरला दिलेली आज्ञा) मारून रीडिंग घेतं. विचारलंय ते असं: ड्रायव्हरमध्ये दोन चिपांसाठी इफ-एल्स टाकावं, की नवा ड्रायव्हर लिहावा?

इफ-एल्स की नवा ड्रायव्हर हे सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी हे बघा, की कोणत्या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या अपडेट होतात. कर्नल आणि त्यातला ड्रायव्हर एकाच वेळी बदलत असेल, तर त्या दोघांच्या मधला इंटरफेस कितीही मोडला तरी कोणाचं बिघडत नाही. कर्नल नवा आणि अ‍ॅप जुनं, ही जोडी मात्र फील्डमधल्या प्रत्येक बोर्डावर होणार. कर्नल नवा आणि डीटीबी (बोर्डावर कोणतं हार्डवेअर आहे हे कर्नलला सांगणारी फाइल) जुनी, ही जोडी होते की नाही ते तुमच्या अपडेटवर अवलंबून आहे: डीटीबी वेगळ्या पार्टिशनमध्ये असेल किंवा बूटलोडरसोबत फॅक्टरीत एकदाच लिहिली जात असेल, तर होणारच. आणि अपडेट फसून रोलबॅक झाला, म्हणजे बोर्ड जुन्या इमेजवर परत गेला, तर जुना कर्नल आणि नव्या इमेजने लिहून ठेवलेल्या फायली अशीही जोडी जमते. ही चौथी जोडी बहुतेक वेळा यादीतच नसते. कागदावर या जोड्या मांडा. जिथे दोन बाजू वेगवेगळ्या वेळी बदलतात तेवढ्याच जागी सुसंगतता सांभाळायची, बाकी ठिकाणी ती सांभाळणं म्हणजे नुसता कोडचा भार.

कर्नलच्या आतल्या इंटरफेसबद्दल फार वेळ घालवू नका. लिनक्समध्ये ड्रायव्हर आणि कर्नल यांच्यातली फंक्शनं स्थिर ठेवायची असं धोरणच नाही. स्थिर ठेवायचं ते यूजरस्पेसला दिसणारं. तुम्ही ४.१४ वरून येताय, त्यामुळे आय-स्क्वेअर-सी ड्रायव्हरचं रिमूव्ह फंक्शन ६.१ पासून काही परत करत नाही, प्रोबला (चिप सापडल्यावर कर्नल बोलावतो त्या फंक्शनला) ६.३ पासून आयडीचा दुसरा आर्ग्युमेंट मिळत नाही, आणि क्लास-क्रिएट ६.४ पासून मॉड्यूलचा मालक विचारत नाही, हे तीन धक्के कंपाइल करतानाच बसतील. कंपाइलर ओरडतो, तुम्ही दुरुस्त करता, विषय संपला. एकाच सोर्समधून दोन्ही कर्नलसाठी मॉड्यूल बांधायचं असेल, तर व्हर्जन तपासणाऱ्या सगळ्या अटी एका हेडर फाइलमध्ये ठेवा, ड्रायव्हरभर पेरू नका. व्हर्जनच्या आकड्यावर पूर्ण विसंबूही नका. रेड हॅटसारखी मंडळी नव्या कर्नलमधलं बरंच काही जुन्या आकड्याच्या कर्नलमध्ये आणून ठेवतात. शिवाय व्हर्जन कोडमध्ये तिसऱ्या आकड्याला आठच बिट आहेत. २०२१ मध्ये ४.४ आणि ४.९ या मालिका २५५ च्या पुढे गेल्या तेव्हा तो आकडा २५५ वरच थोपवून धरावा लागला होता.

आता खरा मुद्दा: बोर्डावर कोणती चिप आहे हे ड्रायव्हरला कळणार कसं? बऱ्याच चिपांत आयडी रजिस्टर असतं आणि प्रोबमध्ये ते वाचलं की झालं. या दोन चिपांत ते नाही. दोघींचा पत्ता हेक्स ४८ ते ४बी, दोघींत रजिस्टरं तीच चार: कन्व्हर्जन, कॉन्फिग, खालची मर्यादा, वरची मर्यादा. १२ बिटांच्या चिपेत कन्व्हर्जन रजिस्टरचे खालचे चार बिट कायम शून्य असतात, म्हणून 'ते शून्य नसतील तर १११५ समजू' अशी युक्ती सुचते. करू नका. १६ बिटांच्या चिपेतही ते चार बिट सोळातून एकदा सहज शून्य येतात, आणि इनपुट शॉर्ट असेल किंवा रेंजच्या खालच्या टोकाला अडकलेलं असेल तर पुन्हा पुन्हा शून्यच येऊ शकतात. बूटच्या वेळी सेन्सरची वायर निघालेली होती म्हणून चिप चुकीची ओळखली गेली, असा बग फील्डमध्ये सापडता सापडत नाही.

म्हणून ओळख बोर्डाने द्यायची. नव्या बोर्डावर दोन-तीन रेझिस्टरांचे स्ट्रॅप (बोर्डाची खूण सांगणारी जोडणी) किंवा छोटी ईईप्रॉम (कायम टिकणारी मेमरी) ठेवा, यू-बूट हा बूटलोडर ती खूण वाचून योग्य डीटीबी निवडेल. जुन्या बोर्डांवर असलं काही नसणार, तेव्हा नियम असा ठेवा की खूण नसणं म्हणजे जुना बोर्ड: ईईप्रॉम उत्तर देत नाही किंवा सगळे बाइट हेक्स एफएफ आले, तर एडीएस१०१५ ची डीटीबी. उलटा नियम केला, म्हणजे खूण नसेल तर नवा समजायचा असं ठरवलं, तर जी मशीन तुम्ही आता हातात घेऊ शकत नाही तीच चुकीची चालतील.

डिव्हाइस ट्रीमध्ये (डीटीबी ज्यापासून बनते त्या वर्णनात) कॉम्पॅटिबल ही प्रॉपर्टी यादी असते, तिच्यावरूनच कर्नल ड्रायव्हर जुळवतो: आधी नेमकं नाव, मग जुन्या नातलगाचं नाव. आय.एमएक्स६ यूएल या प्रोसेसरच्या यूआर्टमध्ये (सिरियल पोर्टमध्ये) आधी स्वतःचं नाव आणि मग आय.एमएक्स६ क्यूचं असतं, त्यामुळे ६ क्यू ओळखणारा जुना कर्नलही ते पोर्ट चालवतो. हे पाहून मोह होतो, की नव्या बोर्डावर आधी 'टीआय,एडीएस१११५' आणि मागे 'टीआय,एडीएस१०१५' लिहावं, म्हणजे रोलबॅक होऊन जुना कर्नल आला तरी चालून जाईल. हा सापळा नीट समजून घ्या, कारण टेबलावर तो पास होतो.

कन्व्हर्जन रजिस्टरमधली किंमत दोन्ही चिपांत डावीकडून भरलेली असते. त्यामुळे १०१५ चा ड्रायव्हर १११५ वर चालवला, तर तो चार बिट उजवीकडे सरकवून वरचे १२ बिट घेतो, आणि व्होल्टेज बरोबर येतं! टेबलावर एक चॅनेल जोडून तपासणारा माणूस खूश होतो. घोटाळा वेळेत आहे. डेटा रेटच्या तीन बिटांत ४ लिहिलं, तर १०१५ मध्ये त्याचा अर्थ सेकंदाला १६०० सॅम्पल, आणि १११५ मध्ये १२८. ड्रायव्हरला वाटतं एक कन्व्हर्जन ०.६२५ मिलीसेकंदात होतं. सतत चालणाऱ्या मोडमध्ये चॅनेल बदलला, तर चालू असलेलं कन्व्हर्जन जुन्या सेटिंगनेच पूर्ण होतं, म्हणून तो दोन कन्व्हर्जनएवढा थांबतो, वर चिपेच्या घड्याळासाठी दहा टक्के धरून साधारण १.४ मिलीसेकंद. प्रत्यक्षात १११५ ला एका कन्व्हर्जनलाच ७.८ मिलीसेकंद लागतात. परिणाम काय, तर चॅनेल १ मागितला की आधीच्या चॅनेलची किंमत मिळते. आकडा व्यवस्थित दिसतो, एरर येत नाही, फक्त तापमानाच्या जागी दाब नोंदला जातो. जुनं नाव मागे लावायचं ते जुना ड्रायव्हर नव्या चिपेला एकही बदल न करता पूर्ण बरोबर चालवत असेल तरच. इथे तसं नाही. म्हणून नव्या बोर्डाच्या डीटीबीत फक्त 'टीआय,एडीएस१११५'. जुन्या कर्नलला ते नाव माहीत नसेल तर प्रोबच होणार नाही, आणि चुकीच्या रीडिंगपेक्षा रीडिंगच नसणं केव्हाही बरं.

याच कारणाने जुन्या बोर्डाची नोड (डिव्हाइस ट्रीमधली या चिपेची नोंद) कॉपी करून नुसतं नाव बदलू नका. 'टीआय,डेटारेट' मध्ये ४ तसाच राहिला तर १६०० चा १२८ झाला. १११५ साठी कमाल ८६० हवे असतील तर तिथे ७ लिहावं लागतं.

जुन्या डीटीबीबद्दल आणखी एक. तुमच्या घरच्या ड्रायव्हरने स्वतःचं वेगळं कॉम्पॅटिबल नाव वापरलं असेल, तर ते नाव नव्या ड्रायव्हरच्या टेबलातून काढू नका, कारण फील्डमधल्या डीटीबीत ते लिहिलेलं आहे. नवी प्रॉपर्टी आणलीत तर ती ऐच्छिक ठेवा, आणि ती नसेल तेव्हा वागणूक अगदी जुनीच असू द्या. हेडरमधले क्रमांक मधूनच घुसवून पुन्हा लावू नका. कंपाइल झालेल्या डीटीबीत फक्त आकडा उरतो, नाव नाही.

आता इफ-एल्सचा प्रश्न. मेनलाइनमध्ये (लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये) 'टीआय-एडीएस१०१५' हा आयआयओ (कर्नलमधला एडीसी आणि सेन्सरांचा गट) ड्रायव्हर २०१६ पासून आहे आणि तो दोन्ही चिपा चालवतो. त्याचा साचा बघा. प्रत्येक चिपेसाठी एक स्थिर टेबल: चॅनेलची यादी, डेटा रेटची यादी, स्केलची यादी. कॉम्पॅटिबल नावाला त्या टेबलाचा पॉइंटर बांधलेला, आणि प्रोब झाल्यावर बाकीचा कोड 'चिप कोणती' हे विचारतच नाही. पुढे टीएलए२०२४ ही तशीच १२ बिटांची पण कम्पॅरेटर (मर्यादा ओलांडली का ते बघणारा भाग) नसलेली चिप आली, तेव्हा टेबलात 'कम्पॅरेटर आहे का' असा एक बूलियन आला. मला हा साचा इफ-एल्सपेक्षा उजवा वाटतो, आणि त्याचं कारण दिसायला सुबक असणं हे नाही. 'चिप १०१५ नसेल तर' अशी अट तिसरी चिप आली की चुपचाप चुकीच्या फांदीत जाते. गुणधर्माला विचारणारी अट तशी जात नाही, कारण नवीन चिपेचं टेबल भरताना त्या रकान्यात काय लिहायचं हे ठरवावंच लागतं.

तर सल्ला असा: घरच्या ड्रायव्हरमध्ये १११५ घुसवू नका. मेनलाइनचा आयआयओ ड्रायव्हर वापरा, आणि जुन्या अ‍ॅपसाठी त्याच्यावर एक पातळ थर बसवा. हा थर आयआयओचा ग्राहक असतो: डीटीबीत त्याची वेगळी नोड, तीत 'आयओ-चॅनेल्स' प्रॉपर्टी, आणि तो जुन्याच नावाची डिव्हाइस फाइल उघडून जुनीच आयऑक्टल ऐकतो. कर्नलमध्ये असा थर आधीपासून आहे. एडीएस१०१५ साठी पूर्वी हार्डवेअर-मॉनिटर गटात वेगळा ड्रायव्हर होता. तो २०१९ मध्ये काढला तेव्हा ज्यांना जुन्या धाटणीने मिलीव्होल्ट वाचायचे आहेत त्यांच्यासाठी आयआयओ-हार्डवेअर-मॉनिटर पुलाकडे बोट दाखवलं गेलं. तुमचा थर त्याच्याच आकाराचा, दोन-तीनशे ओळींचा होईल. एक अडचण उरते: जुन्या बोर्डावर डीटीबीही जुनी राहणार असेल, तर तीत या थराची नोड नसणार. तेव्हा एकतर यू-बूटकडून बूटच्या वेळी ओव्हरले (डीटीबीवर चढवायचा जास्तीचा तुकडा) लावून ती नोड घाला, नाहीतर डीटीबी कर्नलच्या इमेजसोबतच पाठवायला सुरुवात करा. दुसरा मार्ग मला कमी कटकटीचा वाटतो, पण यू-बूट इमेजमधून डीटीबी उचलायला तयार आहे का, ते आधी बघा.

थर लिहिताना अर्थ जपायचा आहे, नुसता बाइटांचा क्रम नाही. जुन्या चिपेत अधिक-उणे २.०४८ व्होल्टची रेंज असेल, आणि डीफॉल्ट तीच आहे, तर एक काउंट म्हणजे बरोबर एक मिलीव्होल्ट. एक व्होल्टला १००० काउंट येतात. अ‍ॅप लिहिणाऱ्याने हे बघून स्केलचं गणित केलंच नसण्याची शक्यता दाट आहे. १११५ मध्ये त्याच रेंजला एक काउंट ६२.५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टला १६०००. स्ट्रक्चर तेच, फील्ड तेच, आयऑक्टल तेच, आणि अ‍ॅप सोळापट दाब दाखवतं. थरातून आयआयओची 'प्रोसेस्ड' किंमत मागवली तर ती कोणत्याही चिपेसाठी मिलीव्होल्टमध्ये येते, आणि जुन्या अ‍ॅपला १००० च मिळतात. १६ बिटांची जास्तीची बारकाई अशाने वाया जाते, हे खरं. ती नव्या अ‍ॅपने सरळ आयआयओमधून, रॉ आणि स्केल दोन्ही वाचून घ्यावी. रेंज अधिक-उणे ४.०९६ ठेवली असेल तर जुन्या चिपेत एक काउंट दोन मिलीव्होल्टचा होता, तेव्हा थरात दोनने भागायला विसरू नका. जुनं अ‍ॅप काउंट मागतं, मिलीव्होल्ट नव्हे.

चॅनेलच्या क्रमांकातही असाच फरक आहे. मेनलाइनच्या बाइंडिंगमध्ये (त्या चिपेची नोड कशी लिहायची त्या नियमांत) ० ते ३ या डिफरन्शियल (दोन इनपुटांमधला फरक मोजणाऱ्या) जोड्या आहेत आणि ४ ते ७ हे एकेरी इनपुट. अ‍ॅपचा चॅनेल ० म्हणजे एआयएन० असेल, तर तो इथला ४.

अर्थ बदलला की काय होतं, याचं कर्नलमधलं एक चांगलं उदाहरण जीपीआयओचं (साध्या चालू-बंद पिनांच्या इंटरफेसचं) आहे. तिथे एज इव्हेंटसोबत येणारा टाइमस्टॅम्प ५.७ च्या आधी घड्याळातल्या वेळेचा होता, ५.७ पासून मोनोटॉनिक (बूटपासून फक्त पुढेच मोजणारा) झाला. कारण रास्त होतं: घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवताना) मागे-पुढे सरकलं की दोन इव्हेंटमधलं अंतर चुकतं. स्ट्रक्चरचा एक बाइटही हलला नाही. पण टाइमस्टॅम्पवरून तारीख छापणाऱ्या प्रोग्रामांना १९७० दिसू लागलं. शेवटी ५.११ मध्ये 'घड्याळाची वेळच द्या' असा फ्लॅग वेगळा आणावा लागला. तो फ्लॅग आधी येऊन डीफॉल्ट जुनाच राहिला असता, तर कोणाला कळलंही नसतं.

याच इंटरफेसमध्ये दुसरा धडा आहे, तो तुमच्या ३२-६४ प्रश्नाशी जुळतो. पहिल्या आवृत्तीच्या इव्हेंट स्ट्रक्चरमध्ये एक ६४ बिटांचा टाइमस्टॅम्प आणि एक ३२ बिटांचा आयडी होता. ६४ बिटांच्या एक्स८६ वर त्याची लांबी १६ बाइट, कारण शेवटी चार बाइट पॅडिंग (रिकामी भर) बसतं. ३२ बिटांच्या एक्स८६ वर ६४ बिटांचा फील्ड चारच्या हद्दीवर चालतो, म्हणून लांबी १२. परिणामी ३२ बिटांचा प्रोग्राम ६४ बिटांच्या कर्नलवर चालवला की दोघांचं लांबीवर एकमत होत नाही, आणि कर्नलमध्ये त्या एका स्ट्रक्चरसाठी खास अट टाकावी लागली. ५.१० मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हा ते स्ट्रक्चर ४८ बाइटांचं केलं, टाइमस्टॅम्प आठच्या हद्दीला बांधला आणि शेवटी सहा शब्दांची जागा राखून ठेवली. पहिली आवृत्ती काढली नाही. ती एका कॉन्फिग ऑप्शनमागे अजून आहे.

तुम्ही आर्मवर आहात. तिथे ३२ बिटांतही ६४ बिटांचा फील्ड आठच्या हद्दीवरच बसतो, त्यामुळे वरचा दोष आर्मवर दिसत नाही. दिसतो तो 'लाँग' आणि पॉइंटरचा. जुन्या स्ट्रक्चरमध्ये चॅनेल, किंमत आणि सेकंद-मायक्रोसेकंदांचे दोन लाँग असतील, तर ३२ बिटांत ते १६ बाइट होतं आणि ६४ बिटांच्या कर्नलमध्ये २४. आयऑक्टलच्या ३२ बिटांच्या क्रमांकात स्ट्रक्चरची लांबीही कोंबलेली असते (आर्मवर तिला १४ बिट), म्हणून लांबी बदलली की क्रमांकच बदलतो आणि अ‍ॅपला 'ईनोटीटीवाय' मिळतं, म्हणजे 'असलं आयऑक्टल मला माहीत नाही'. उपाय: थरात जुनं स्ट्रक्चर ठराविक रुंदीच्या ३२ बिटांच्या फील्डांनी पुन्हा लिहा, क्रमांक १६ बाइटांवरूनच निघू द्या, आणि लांबी १६ नसेल तर कंपाइल थांबेल अशी अट जोडा. फाइल ऑपरेशन्समध्ये कॉम्पॅट-आयऑक्टलचा रकाना भरला नाही, तर ३२ बिटांच्या अ‍ॅपला सगळ्याच आयऑक्टलवर तोच एरर येतो. लेआउट दोन्हीकडे सारखं असेल तर ५.५ पासून मिळणारं कॉम्पॅट-पीटीआर-आयऑक्टल तिथे लावलं की पुरतं. कर्नलमध्ये कॉम्पॅटचं कॉन्फिग चालू आहे ना, आणि तुमचा प्रोसेसर ३२ बिटांचे प्रोग्राम चालवतो ना, हे आधी बघा. काही नव्या आर्म कोअरमध्ये ती सोयच नाही. ३२ बिटांचे ते सेकंद १९ जानेवारी २०३८ ला संपतात. जुन्या आयऑक्टलमध्ये त्यावर इलाज नाही.

नवं आयऑक्टल लिहिणार असाल तर एवढं पाळा. फील्ड ठराविक रुंदीचे, पॉइंटर ६४ बिटांच्या पूर्णांकात, पॅडिंग स्वतः लिहिलेलं. यूजरला परत द्यायचं स्ट्रक्चर भरण्याआधी शून्याने पुसायचं, नाहीतर कर्नलची मेमरी गळते. राखीव फील्ड आणि अनोळखी फ्लॅग शून्य नसतील तर 'ईइन्व्हॅल' (चुकीची किंमत दिली असा एरर) द्यायचं. ही शेवटची गोष्ट लोक टाळतात, 'उगाच कशाला एरर' म्हणून. पण आज राखीव जागेतला कचरा चालवून घेतला, तर उद्या त्या जागेला अर्थ देता येत नाही: जुनी अ‍ॅप तिथे कचराच पाठवत राहतात. शिवाय नव्या अ‍ॅपला जुन्या कर्नलवर 'ही सोय आहे का' हे विचारायचा तोच सोपा मार्ग असतो.

काही गोष्टी मात्र ड्रायव्हर लपवू शकत नाही. १०१५ सेकंदाला ३३०० सॅम्पलपर्यंत जाते, १११५ ८६० च्या पुढे नाही. चार चॅनेल फिरवत सतत मोडमध्ये वाचले आणि दर बदलाला दोन कन्व्हर्जन धरली, तर प्रत्येक चॅनेलला जुन्या चिपेवर १६०० च्या दराने जास्तीत जास्त २०० रीडिंग मिळतात, नव्यावर ८६० ने सुमारे १०७. अ‍ॅप १६०० मागत असेल तर थराने काय करावं? माझं मत: एरर द्यावी. 'हो' म्हणून ८६० देणं वाईट, कारण अ‍ॅपचं फिल्टर किंवा फ्रिक्वेन्सीचं गणित चुपचाप चुकेल. अ‍ॅप फक्त मिनिटाला एकदा सरासरी काढत असेल आणि दर हा नुसता उपचार असेल, तर मान्य करून लॉगमध्ये एकदा इशारा देणं चालेल. हे अ‍ॅपवर अवलंबून आहे आणि ते तुम्हालाच शोधावं लागेल; एस-ट्रेस (अ‍ॅप कर्नलला काय मागतं ते दाखवणारं साधन) लावून आयऑक्टलांची यादी काढा. १६०० खरोखर लागत असतील तर हा प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही, खरेदी विभागाला ती चिप चालणार नाही असं सांगायचा आहे.

नावांचं थोडक्यात. आयआयओच्या डिव्हाइस फायलींचे आकडे प्रोबच्या क्रमाने पडतात, कर्नल बदलला की क्रम बदलू शकतो. नव्या अ‍ॅपने डीटीबीत दिलेलं लेबल किंवा यूडेव्हने (डिव्हाइस फायलींना नावं देणाऱ्या प्रोग्रामने) बांधलेलं नाव वापरावं. जुन्या थराची फाइल जुन्याच नावाने हवी. ओमॅप चिपांचा सिरियल ड्रायव्हर बदलला तेव्हा टीटीवाय-ओ चं टीटीवाय-एस झालं. कर्नलने कन्सोलचा जुना आर्ग्युमेंट ओळखून नव्यावर वळवायची सोय ठेवली, पण गेट्टीचं (त्या पोर्टवर लॉगिन देणाऱ्या प्रोग्रामचं) सेटिंग मात्र लोकांना हाताने बदलावं लागलं. तुमच्या इमेजमध्येही कुठल्या ना कुठल्या स्क्रिप्टमध्ये जुना पाथ लिहिलेला असेल, तो शोधा.

तपासणीसाठी जुनं अ‍ॅप पुन्हा कंपाइल करू नका, फील्डमध्ये गेलेली बायनरीच वापरा. नव्या हेडरने कंपाइल केलं की तपासायचं तेच निघून जातं. स्ट्रक्चरचं लेआउट दोन्ही बिल्डवर पाहोल या साधनाने काढून ताडून बघा. मग शेजारच्या दोन चॅनेलना अगदी वेगळी व्होल्टेज द्या, एकाला ०.२ आणि दुसऱ्याला १.८ व्होल्ट, आणि हजार वेळा आलटून पालटून वाचा. वेळेचा दोष असेल तर इथे लगेच पकडला जातो. सगळ्या चॅनेलना एकच व्होल्टेज देऊन केलेली चाचणी तो कधीच दाखवत नाही. हे जुन्या बोर्डावर जुन्या डीटीबीसह, जुन्या बोर्डावर नव्या डीटीबीसह आणि नव्या बोर्डावर, असं तिन्ही ठिकाणी करा.

रोलबॅकसाठी वेगळी चाचणी. नव्या बोर्डावर जुनी इमेज मुळात जाऊच नये, म्हणून फॅक्टरीतून निघताना दोन्ही स्लॉटमध्ये (चालू आणि राखीव इमेजच्या जागांत) १११५ ओळखणारी इमेज टाका. जुन्या बोर्डावर अपडेट करून, नव्या इमेजला कॅलिब्रेशनची फाइल लिहू देऊन, मग मुद्दाम मागे या. कॅलिब्रेशन काउंटमध्ये साठवत असाल तर ते मिलीव्होल्टमध्ये नेताना फाइलचं नाव बदला, जुनी फाइल जागच्या जागी राहू द्या. जुना कर्नल त्याची जुनी फाइल वाचेल, नवा त्याची नवी.

पुढे नेमकं सांगण्यासाठी तीन गोष्टी हव्यात: जुन्या ड्रायव्हरमध्ये रेंज कोणती सेट केली आहे, अ‍ॅप डेटा रेटचं आयऑक्टल मारतं का, आणि जुन्या बोर्डांवरची डीटीबी अपडेटमध्ये बदलते की नाही. रेंज २.०४८ असेल आणि रेटचं आयऑक्टल नसेल, तर थर लिहायला दोन-तीन दिवसांचं काम आहे. तिसरं उत्तर 'नाही' आलं, तर आधी यू-बूट अपडेट करता येतो का ते बघा, कारण बाकी सगळं तिथेच अडणार आहे.